विधानभवनात एक दिवस, आमचा फरशी पूल आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’

कादवाकाठ (सोमवार, रात्री ९.४२)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या अधिवेशनात एक दिवस नानांसोबत (माझे चुलते) मुंबईला जाऊन विधानसभा बघून आलो. हौस म्हणून नाही गेलो. आमच्या गावाशेजारी, निफाड तालुक्यात, कादवेवर एक फरशी पूल आहे, पालखेड धरणाचं पाणी सुटलं की तो दिसेनासा होतो आणि मग शाळेची पोरं, दूधवाले, टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगावला निघालेल्या पिकअप, सगळ्यांना नऊ किलोमीटरचा वळसा. नाना बारा वर्षं ह्या पुलामागे आहेत. ग्रामपंचायतीचे ठराव, अर्ज, पोचपावत्या सगळं एका खताच्या पिशवीत. शेवटी एका आमदारांनी तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकला आणि एक दिवस त्यांच्या पीएचा फोन आला, नाना तुमचा प्रश्न अमुक तारखेला लागलाय. झालं, नाना म्हणले आपला प्रश्न निघणार म्हणजे आपण तिथं पाहिजे. पोराच्या लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्री करून तयार.

पहाटे साडेचारला गाडी काढली, घाटात धुकं, भिवंडीत नेहमीचं, कसेबसे सव्वादहाला नरिमन पॉइंट. गेटवर पास, ओळखपत्र, मोबाईल जमा, पिशवी जमा, आणि नानांची तंबाखूची पुडी बाहेर काढायला लावली त्याचं त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. वर प्रेक्षक गॅलरीत बसलो तर पहिल्या पाच मिनिटात सुरक्षावाला येऊन म्हणाला बाबा, पायावर पाय नको, कठड्यावर रेलू नका. नाना एकदम शाळेतल्यासारखे ताठ.

११ ला सुरू झालं. प्रश्नोत्तराचा तास. आमचा प्रश्न यादीत ३४ वा. पहिल्याच प्रश्नावर गोंधळ, विरोधकांना दुसऱ्याच विषयावर बोलायचं होतं, समोरच्या मोकळ्या जागेत उतरून घोषणा, सभापतींनी दहा मिनिटांसाठी तहकूब केलं. परत सुरू, परत तेच, परत दहा मिनिटं. बारा वाजले तेव्हा गाडी सहाव्या प्रश्नावर होती आणि तास संपला. नाना माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. "आरं चौतीस कधी?" म्हणलं नाना, तास संपला. "मग उद्या?" उद्या दुसऱ्या खात्यांचे प्रश्न.

दुपारी पीएने छापील यादी आणून दिली, उत्तरासकट. कॅन्टीनच्या बाहेर उभं राहून वाचलं. प्रश्न असा होता, सदर पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे खरे आहे काय, असल्यास विद्यार्थी व शेतकऱ्यांची गैरसोय होते हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर तसंच्या तसं देतो:

(१) व (२) हे अंशतः खरे आहे.
(३) सदर रस्ता रस्ते विकास योजना २००१-२०२१ मध्ये समाविष्ट नाही. निधीची उपलब्धता, मंजूर निकष व प्राधान्यक्रमानुसार उंच पुलाबाबत कार्यवाही करण्याचे नियोजन आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

नानांनी तीनदा वाचलं. मग म्हणले, "पूल अर्धाच बुडतो व्हय? आणि हा शेवटचा काय म्हणतो, उद्भवत नाही? बारा वर्षं झाली उद्भवतोय की."

मला वाटलं आता निघू, पण नाना हलेनात, आलोय तर बघून जाऊ. पीएने परत गॅलरीत सोडलं. आणि खरं सांगू का, दिवसातला चांगला भाग तिथून पुढे होता. लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याला उत्तर द्यायला लावणाऱ्या सूचना) झाल्या, मधे कागद पटलावर ठेवले, एक विधेयक आम्ही पाणी पिऊन येईस्तोवर मंजूर झालं, आणि संध्याकाळी सात वाजता, सभागृहात मोजून बावीस-तेवीस जण, पत्रकारांच्या गॅलरीत दोन, त्यातला एक जांभया देतोय, एक आमदार उठले आणि बिबट्यावर बोलले. कुठला पक्ष ते सांगत नाही, भांडणं नकोत. वस्तीचं नाव, उसाचं क्षेत्र, शेतपंपाला लाईट रात्री येते म्हणून माणूस रात्री पिकाला बारे (पाणी) द्यायला जातो आणि म्हणून बिबट्याच्या तोंडी जातो, दिवसा लाईट द्या पिंजरे कमी लागतील, असं एकेक जोडत गेले, आवाज न चढवता. आमचे नाना गॅलरीत मान हलवत होते, टाळी वाजवणारच होते, मी हात धरला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? सकाळचा गोंधळ, फोटोसकट. बिबट्याची एक ओळ नाही.

रात्री दीडला घरी. तर विचारायचं हे आहे की ३४ नंबरच्या प्रश्नाचं आता होतं काय? परत विचारता येतो का? का गेला तो वाहून?

तर्रीवाला (सोमवार, रात्री १०.०५)

पूल अंशतः बुडतो 😂😂 नानांना दंडवत.

आपल्याला टीव्हीवर फक्त पायऱ्या दिसतात राव. सकाळी पायऱ्यांवर बॅनर, गळ्यात काहीतरी माळ, दोन घोषणा, कॅमेरा बंद. मला वाटायचं आत पण तेवढंच असतं.

एमपीएससी_चौथी_खेप (सोमवार, रात्री १०.२१)

धागा मस्त पण एक दुरुस्ती, विधानसभेत ‘अध्यक्ष’ असतात, ‘सभापती’ विधान परिषदेत. ह्यावर माझा एक मार्क गेलाय म्हणून लगेच दिसलं. आणि अध्यक्ष उठून गेले की तालिकेवरचे सदस्य बसतात, त्यांना तालिका अध्यक्ष. संध्याकाळी तुम्ही बघितलं ते बहुतेक तेच असणार.

सभागृहात २२-२३ जण होते म्हणालात ना, गणपूर्ती (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) २९ ची लागते. २८८ चा दहावा भाग. कोणी उठून नुसतं म्हणालं असतं की गणपूर्ती नाही तर घंटा वाजवावी लागली असती. पण संध्याकाळी कोणी म्हणत नाही, कारण जो म्हणेल त्याचंच भाषण राहून जाईल.

तुमच्या प्रश्नाचं, माझ्या माहितीप्रमाणे तासात पुकारला गेला नाही म्हणजे व्यपगत, आपोआप बाद. परत टाकावा लागेल पुढच्या अधिवेशनात.

निवृत्त_बाबू (सोमवार, रात्री ११.१५)

चौथी खेप, व्यपगत होत नाही हो. ज्या तारांकितांपर्यंत तास पोहोचत नाही त्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली असं समजतात. म्हणजे नानांच्या पुलाचं उत्तर कायमचं रेकॉर्डवर आलं. फक्त तोंडी उपप्रश्न विचारायची संधी गेली, आणि खरी मजा उपप्रश्नातच असते. लेखी उत्तरात खातं जेवढं बोलतं त्याच्यापुढे मंत्र्याला ढकलायचं ते उपप्रश्नाने.

मी ३१ वर्षं मंत्रालयात काढली, खातं विचारू नका. ही उत्तरं शिजतात कशी ते सांगतो. प्रश्न आला की त्यावर ‘अधिवेशन’ असा शिक्का, मग त्या फाईलला कोणी अडवत नाही. डेस्कवरून खाली जिल्ह्याला माहिती मागवायची, पूर्वी फॅक्स, नंतर ईमेल, आता तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात. जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून शाखा अभियंत्याला. तो बिचारा चार गावं फिरून आलेला, रात्री अकराला लिहितो. त्याचं वाचून आम्ही वर मसुदा, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री, प्रत्येक जण एक शब्द बदलतो आणि प्रत्येक बदलाने उत्तर थोडं गुळगुळीत होत जातं. नदीतल्या गोट्यासारखं.

आता शब्दांचं. ‘होय, हे खरे आहे’ लिहिलं की पुढे पैसे काढावे लागतात. ‘हे खरे नाही’ लिहिलं आणि उद्या सदस्याने पुलावरच्या पाण्याचा फोटो फडकवला तर सभागृहाची दिशाभूल, हक्कभंगाची टांगती तलवार. म्हणून ‘अंशतः खरे आहे’. ही गादी आहे गादी, दोन्ही कुशींवर झोप लागते. आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ह्याच्यात अपमान नाहीये नानांना सांगा. शेवटचा भाग कायम ‘नसल्यास विलंबाची कारणे काय’ असाच असतो. खात्याचं म्हणणं आम्ही काहीतरी करतोय, म्हणजे विलंबच नाही, म्हणजे कारणांचा प्रश्न उद्भवत नाही. मी स्वतः शेकड्यांनी लिहिलंय हे वाक्य. आता वाचताना लाज वाटते थोडी, पण तेव्हा रात्री साडेनऊला शेवटची लोकल डोळ्यासमोर असायची.

बाकी त्या छापील दोन ओळींच्या मागे मंत्र्यासाठी एक जाड टिपणी असते, संभाव्य उपप्रश्न आणि त्यांची उत्तरं. गॅलरीतून एका बाजूला अधिकारी बसलेले दिसले असतील, हातात फायली. मंत्री अडखळले की तिथून चिठ्ठी जाते.

कादवाकाठ (सोमवार, रात्री ११.३१)

हो हो, चिठ्ठ्या बघितल्या! शिपाई सारखा इकडून तिकडे. नानांना वाटलं चहाची ऑर्डर घेतोय.

अध्यक्ष/सभापती चूक मान्य. घाईत लिहिलं.

लासलगावकर (मंगळवार, सकाळी ७.१०)

सभागृहात बोललेलं खाली कसं उतरतं ते आम्हाला विचारा.

२०२३ चा फेब्रुवारी आठवा. लाल कांदा दोन-चार रुपये किलो, सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याला पाच क्विंटलवर कांदा विकून सगळा खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला, तो देशभर गाजला. अधिवेशन सुरू झालं तसे विरोधी आमदार कांद्याच्या माळा घालून विधानभवनात. हसू नका तर्रीवाले, त्या माळांमुळेच विषय पेटला. येवल्याचे आमदार म्हणून भुजबळांनी आत मुद्दा लावून धरला. १३ मार्चला मुख्यमंत्री शिंदेंनी सभागृहात जाहीर केलं, क्विंटलला ३०० रुपये सानुग्रह अनुदान. त्याच वेळी आपल्या दिंडोरीहून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे चालत निघालेला, तो ठाणे जिल्ह्यात पोचेपर्यंत ३०० चे ३५० झाले. म्हणजे ५० रुपये पायी चालून मिळाले असं आमच्याकडे म्हणतात.

आता बघा, सभागृहात वाक्य किती, एक. खाली जीआर आला तेव्हा त्याला शेपट्या फुटल्या. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमध्ये विकलेला लाल कांदाच पाहिजे, २०० क्विंटलपर्यंतच, आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद पाहिजे. माझ्याकडे पावत्या होत्या, कांदा मार्केटला गेलेला सगळ्या गावाने बघितलेला, पण सातबाऱ्यावर कांदा नाही कारण पीक पाहणीच्या दिवसात ॲप चाललंच नाही आमच्या शिवारात, रेंजच नाही. मग तलाठी, ग्रामसेवक, समितीचा पंचनामा, चार चकरा, एका खिडकीवर तर मला सांगितलं की तुमचा कांदा होता हे तुम्ही सिद्ध करा. विकून झालेला कांदा कुठून आणू दाखवायला? पैसे आले, नाही म्हणत नाही, पण घोषणा उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पैसे गणपतीच्या आसपास.

रविवार_कारंजा (मंगळवार, सकाळी ८.३४)

हे सगळं कौतुक चाललंय पण त्या वाया गेलेल्या तासाचं काय? दोन-दोनदा तहकूब, ३४ पैकी ६ प्रश्न, आणि एवढी यंत्रणा, एवढा बंदोबस्त, सगळा आपल्या पैशाचा. घरी बसवा म्हणावं गोंधळ घालणाऱ्यांना वर्षभर.

एमपीएससी_चौथी_खेप (मंगळवार, सकाळी ८.५०)

@रविवार_कारंजा बसवलं होतं की. ५ जुलै २०२१, तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केलं म्हणून भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित केले. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द केला, म्हणे निलंबन त्या अधिवेशनापुरतंच करता येतं, वर्षभर मतदारसंघ बिनाप्रतिनिधीचा ठेवणं हे हकालपट्टीपेक्षा वाईट. लॉजिक बरोबर आहे, हकालपट्टी झाली तर निदान पोटनिवडणूक तरी लागते.

रविवार_कारंजा (मंगळवार, सकाळी ९.०२)

मग दंड करा. काहीतरी करा. आणि आत बसून मोबाईलवर पत्ते खेळणाऱ्यांचं काय ते पण सांगा, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे.

तर्रीवाला (मंगळवार, सकाळी ९.०६)

ती जाहिरात होती 🙏 आपोआप आलेली 🙏

संपादक (मंगळवार, सकाळी ९.४०)

तीन प्रतिसाद काढले आहेत. ह्या धाग्यावर सभागृहाचं कामकाज बोला. व्यक्ती, पक्ष आणि रमी ह्यांच्यासाठी राजकारण विभागात आधीच दोन धागे धुमसत आहेत.

आत्याबाई_गंगापूररोड (मंगळवार, दुपारी २.१८)

दुपारची कामं आटपून लिहितेय. मी अधिवेशन यूट्यूबवर लावून ठेवते, स्वयंपाक करताना ऐकायला बरं पडतं, सिरियलपेक्षा कमी रडारड असते.

कादवाकाठ, तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि विधेयक मंजूर झालं म्हणालात ते अगदी खरं. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत" हे इतक्या भरभर होतं की माझी पोळी उलटायच्या आत कायदा झालेला असतो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या कुंभमेळा प्राधिकरणाचं विधेयक आलं ना, मी मुद्दाम बसून बघत होते, कारण २०२७ मध्ये आमचं घर रामकुंडाच्या वाटेवर, आम्हाला कोंडून घालणार का काय ते कळावं. आधी वटहुकूम काढलेला होता आणि वटहुकूम अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायद्यात बदलला नाही तर तो आपोआप संपतो, त्यामुळे अशी विधेयकं येतातच मुळी घाईत. पहिलं शाहीस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, त्याच्या आधी एवढी कामं, तर मला वाटलं नाशिकवर तासन्‌तास बोलतील. कसलं काय.

आणि पुरवणी मागण्या (बजेटबाहेरचा जादा खर्च)! २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटी, २०२५ च्या पावसाळीत ५७,५०९ कोटी. एवढ्या रकमा आणि चर्चा एक-दोन दिवस. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या ऐंशी हजारांवर तीन मीटिंगा झाल्या.

पण एक चांगली आठवण पण सांगते. डिसेंबर २०२२ ला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या होत्या, तेव्हा तिथे हिरकणी कक्ष (बाळाला पाजायची खोली) झाला. मग मुंबईच्या अधिवेशनात त्या परत बाळाला घेऊन गेल्या तर कक्षात धूळ, सोयच नाही, त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं. मी नोकरीत असताना बाळाला शाळेच्या स्टाफरूममध्ये साडीच्या आडोशाला पाजलंय, त्यामुळे ते बघताना माझा कुकर उतरवायचा राहिला.

मोसमकाठचा (मंगळवार, दुपारी ३.०५)

नाशिक जिल्ह्यात १५ आमदार, विदर्भात हिवाळी अधिवेशन नागपूर करारामुळे, मराठवाड्याला मधूनमधून मंत्रिमंडळाची बैठक तरी, मग उत्तर महाराष्ट्राला काय? एक अधिवेशन नाशिकला घ्या म्हणावं. अंगणात त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, जेवायला मांडे. आमदारांना आवडेल.

तर्रीवाला (मंगळवार, दुपारी ३.११)

नको रे बाबा. आधीच द्वारकेचा सिग्नल सुटत नाही. त्यात २८८ गाड्या, २८८ च्या मागच्या ८०० गाड्या, आणि परिषदेचे ७८ वेगळे. नागपूरकरांना विचार डिसेंबरात काय होतं.

लासलगावकर (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)

अधिवेशन नाशिकला आलं तर मोर्च्यांची पायपीट वाचेल एवढं खरं. २०१८ ला नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून निघाले ते १८० किलोमीटर चालत ६ मार्च ते १२ मार्च, आझाद मैदानापर्यंत. माझे सासरे होते त्यात. पोरांची दहावीची परीक्षा होती म्हणून शेवटच्या रात्री झोपायचं सोडून चालले, सकाळी मुंबईत ट्रॅफिक नको म्हणून. तळपायाचे फोड महिनाभर होते.

निवृत्त_बाबू (मंगळवार, रात्री ९.०८)

कादवाकाठ, काल घाईत वाचलं, आज तुमच्या प्रश्नाचं उत्तर परत वाचलं आणि कपाळावर हात मारला. भाग (३) ची पहिली ओळ बघा. ‘सदर रस्ता रस्ते विकास योजना २००१-२०२१ मध्ये समाविष्ट नाही.’ अहो सगळं उत्तर ह्या ओळीत आहे, बाकीचं फुलोरा.

म्हणजे काय, तुमच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना जो रस्ता आहे तो सरकारदरबारी रस्ताच नाही. त्याला ग्रामीण मार्ग म्हणून नंबर पडलेला नसणार. आणि नंबर नसलेल्या रस्त्यावरच्या पुलाला बजेटला लावता येत नाही, कोणीही मंत्री असो, कितीही चांगला असो. बारा वर्षं नाना पूल मागताहेत आणि खालचा माणूस बारा वर्षं ‘निधी उपलब्धतेनुसार’ लिहितोय, कारण ‘रस्ता यादीत नाही’ असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो, मग यादीत का घेतला नाही. ह्या वेळी अधिवेशनाचा शिक्का होता म्हणून कोणीतरी खरं लिहून गेला. त्या शाखा अभियंत्याला माझा नमस्कार सांगा भेटला तर.

आता करायचं काय ते सांगतो. ग्रामपंचायतीचा ठराव पुलासाठी नको, रस्त्यासाठी घ्या, अमुक गाव ते अमुक वस्ती, लांबी इतकी, ग्रामीण मार्ग म्हणून दर्जा व क्रमांक मिळावा. नकाशा जोडा. तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. सोबत ह्या तारांकित प्रश्नोत्तराचं पान जोडा, यादी विधानमंडळाच्या वेबसाइटवरून काढता येते. आमदारांना सांगा पुढच्या अधिवेशनात पूल विचारू नका, रस्त्याला नंबर कधी ते विचारा. आणि जमलं तर लक्षवेधी लावा. तारांकितात ३४ नंबर आला तर नशीब, लक्षवेधी लागली की मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं.

एमपीएससी_चौथी_खेप (मंगळवार, रात्री ९.३३)

आणि मंत्री उभं राहून ‘कार्यवाही करू’, ‘तपासून घेऊ’ असं बोलले की ते आश्वासन धरतात ना? आश्वासन समिती असते, ती मागे लागते असं वाचलंय.

निवृत्त_बाबू (मंगळवार, रात्री ९.५१)

बरोबर वाचलंय. विधिमंडळाचे लोक रोजच्या कार्यवृत्तातून अशी वाक्यं वेचून काढतात आणि खात्याला पाठवतात, पूर्तता कळवा. आम्ही त्या यादीला फार घाबरायचो, कारण मंत्री बदलतात, सरकार बदलतं, पण आश्वासन त्या यादीतून हलत नाही. म्हणून तर टिपणीत मंत्र्यांना लिहून द्यायचो, ‘करू’ म्हणू नका, ‘विचाराधीन आहे’ म्हणा. चांगले मंत्री ऐकायचे नाहीत, भावनेच्या भरात ‘सहा महिन्यांत करतो’ म्हणून टाकायचे आणि मागे बसलेला आमचा सचिव डोळे मिटून घ्यायचा.

रविवार_कारंजा (मंगळवार, रात्री १०.१४)

हे कोणी सांगत नाही राव. सकाळी जरा जास्तच बोललो. तरी तहकुबीचं माझं मत तेच आहे.

आत्याबाई_गंगापूररोड (मंगळवार, रात्री १०.२०)

बाबूजी तुम्ही बारा वर्षं आधी का नाही निवृत्त झालात 😄

कादवाकाठ (शुक्रवार, रात्री ८.४७)

मंडळी, तीन दिवस गायब होतो, गावाकडे गेलो होतो. बाबूंचा प्रतिसाद नानांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. नाना बराच वेळ गप्प. मग खताची पिशवी उपडी केली ओट्यावर, बारा वर्षांचे कागद, आणि एकेक चाळून बघितला. एकाही अर्जात रस्त्याचा नंबर नाही. आम्हीच कधी लिहिला नव्हता, कारण तो आहे की नाही हा विचारच डोक्यात आला नाही, रस्ता तर डोळ्यासमोर आहे, आजोबांच्या बैलगाडीपासून आहे. गुरुवारी ग्रामसेवकांकडे गेलो, त्यांनी यादी काढली, बोट फिरवलं, वरचा रस्ता आहे, खालचा आहे, मधला आमचा नाही. ते पण म्हणाले, अरे हो की.

ठराव सोमवारच्या मासिक सभेत घेताहेत. नकाशाला तलाठ्यांकडे अर्ज दिलाय. पीएला फोन केला, ते म्हणाले पुढच्या वेळी लक्षवेधी टाकू, नागपूरला. नाना लगेच, "थंडी असंल ना तिकडं? स्वेटर काढून ठेवतो."

नानांनी छापील यादीतलं ते ३४ नंबरचं पान लॅमिनेशन करून आणलंय पिंपळगावहून, शाखा अभियंता भेटला तर दाखवायला. आणि बाबू, एक शेवटची शंका, गेटवर जो प्रेक्षक पास दिला होता तो निघताना परत करायचा असतो का? तंबाखूची पुडी परत घ्यायच्या गडबडीत तो नानांच्या खिशातच राहिलाय, आणि ते म्हणताहेत पुढच्या वेळी हाच चालतो.